फळ्यावरची चूल आणि घरातली चूल

एक गणित आम्ही वर्षानुवर्षे फळ्यावर मांडत आलो आहोत. एका कुटुंबाला दिवसाला ६ किलो सरपण लागते. सुधारित चूल वापरली तर निम्मेच लागते. गावात २०० कुटुंबे आहेत. तर गावाचे वर्षाला किती सरपण वाचेल? मुले भराभर गुणाकार करतात आणि २,१९,००० किलो, म्हणजे २१९ टन, असे उत्तर देतात. मग आम्ही त्याला एका झाडाच्या वजनाने भागायला सांगतो आणि "इतकी झाडे वाचली" असे मोठ्या अक्षरांत लिहून धडा संपवतो.

एकदा हा धडा संपल्यावर मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारले, "पण सर, आमची आई तर तुराट्या जाळते. मग झाडं कोणती वाचली?" आमच्याकडे उत्तर नव्हते. त्याच वर्गाच्या चाचणीत जंगलतोडीची कारणे विचारली होती, आणि निम्म्याहून अधिक मुलांनी पहिले कारण लिहिले होते : 'बायका सरपणासाठी झाडे तोडतात.' हे उत्तर मुलांनी कुठून आणले? आमच्याच गणितातून.

तेव्हापासून हे गणित आम्ही पायरीपायरीने तपासू लागलो. गुणाकारात चूक नाही. चूक आहे ती आकड्यांच्या मध्ये गृहीत धरलेल्या गोष्टींत. चुलीवर आमचा राग नाही. पण चुलीच्या नावावर जे श्रेय जमा केले जाते आणि चुलीपुढे बसणाऱ्या बाईच्या नावावर जो दोष जमा होतो, ते दोन्ही तपासल्याशिवाय वर्गात सांगू नयेत असे आमचे मत झाले आहे.

धुराचा प्रश्न जंगलाचा कसा झाला?

चूल सुधारण्याची खटपट आपल्याकडे जुनी आहे. वर्ध्याच्या मगनवाडीत ग्रामोद्योगाच्या कार्यकर्त्यांनी १९४७ च्या सुमारास 'मगन चूल' तयार केली. हैदराबादच्या अभियांत्रिकी संशोधन प्रयोगशाळेतील एस. पी. राजू यांनी धुराडे असलेली चूल बनवली आणि १९५३ मध्ये तिच्याविषयी एक पुस्तिका प्रसिद्ध केली. या मंडळींचा मुख्य रोख धुरावर होता. स्वयंपाकघर निर्धूर व्हावे, बाईचे डोळे आणि छाती वाचावी, हा त्यांचा हेतू होता.

१९७३ मध्ये खनिज तेलाचे भाव भडकले आणि साऱ्या जगात ऊर्जेच्या टंचाईची चर्चा सुरू झाली. १९७५ मध्ये एरिक एकहोम या अमेरिकन अभ्यासकाने सरपणाची टंचाई हे गरिबांचे 'दुसरे ऊर्जासंकट' आहे असे मांडले. त्याने लक्ष वेधले ते योग्यच होते. पण त्यानंतर हिशेबाची एक सोपी रीत रूढ झाली. लोकसंख्येला दरडोई सरपणाने गुणले की मागणी निघते. जंगलाची वार्षिक वाढ हा पुरवठा. आणि मागणीतून पुरवठा वजा केला की उरते ती जंगलतोड. या रीतीने काही देशांतील झाडे अमुक वर्षी संपणार अशी भाकितेही झाली.

ती भाकिते तशी खरी ठरली नाहीत. जेराल्ड लीच आणि रॉबिन मर्न्स यांनी १९८८ मध्ये त्याची कारणे दाखवून दिली. सरपण फक्त जंगलातून येत नाही. ते बांधावरून, परसातून, पडीक जमिनीवरून आणि पिकांच्या अवशेषांतूनही येते. टंचाई भासू लागली की लोक कमी जाळतात, दुसरे काही जाळतात, झाडे लावतातही. शिवाय जंगल जाते ते पुष्कळदा शेतीसाठी जमीन मोकळी केल्यामुळे, आणि ती मोकळी करताना निघालेले लाकूड चुलीत जाते. म्हणजे चुलीत जळालेले लाकूड पाहून 'चुलीने जंगल खाल्ले' असे म्हणणे पुष्कळदा कार्यकारणाची उलटापालट असते.

तोवर चूल मात्र जंगल वाचवण्याचे साधन म्हणून मान्यता पावली होती. भारतात १९८३ च्या अखेरीस राष्ट्रीय सुधारित चूल कार्यक्रम सुरू झाला. २००२ मध्ये तो केंद्राने थांबवला तोपर्यंत सुमारे ३.५ कोटी चुली बसवल्याची नोंद झाली होती. पुढे २००९ आणि २०१४ मध्येही चुलींसाठी नवे उपक्रम जाहीर झाले. धुराचे कारण मागे पडले नव्हते, पण शाळेच्या भिंतीवरच्या तक्त्यांत मोठे चित्र असे ते हिरव्या झाडाचे.

कार्यक्षमता म्हणजे काय मोजतो?

आता पहिली पायरी. सुधारित चुलीत निम्मेच सरपण लागते, हा आकडा येतो कुठून? साध्या चुलीची औष्णिक कार्यक्षमता सुमारे १० टक्के आणि सुधारित चुलीची २० टक्के धरली की निम्मे हा आकडा मिळतो. हे टक्के पाणी उकळण्याच्या चाचणीतून काढतात. ठरावीक पाणी ठरावीक पद्धतीने तापवायचे, जळालेल्या लाकडाचे वजन करायचे आणि लाकडातील उष्णतेपैकी किती पाण्यात गेली ते काढायचे.

हा हिशेब आठवी-नववीच्या मुलांना सहज करता येईल. ५ लिटर पाणी २५ अंशांपासून १०० अंशांपर्यंत तापवायला सुमारे १.५७ मेगाज्यूल उष्णता लागते. एक किलो वाळलेल्या लाकडातून सुमारे १५ मेगाज्यूल मिळतात. कार्यक्षमता १० टक्के असेल तर किलोभर लाकूड लागेल, २० टक्के असेल तर अर्धा किलो. इथपर्यंत ठीक.

पण चाचणीच्या प्रचलित सूत्रात वाफ होऊन गेलेल्या पाण्याची उष्णताही 'उपयुक्त' म्हणून जमा धरतात. एक लिटर पाण्याची वाफ करायला सुमारे २.२६ मेगाज्यूल लागतात. म्हणजे पाच लिटर पाणी उकळीला आणण्यापेक्षा एक लिटर पाणी वाफ करून उडवण्याचे गुण अधिक! स्वयंपाकात ही वाफ जवळजवळ वायाच जाते. भात असो वा डाळ, उकळी आली की पुढे मंद आच पुरते. जी चूल मंद करता येत नाही ती कागदावर हुशार ठरते आणि जी बाई उकळी येताच लाकूड मागे ओढून भांड्यावर झाकण ठेवते, तिच्या कौशल्याला सूत्रात जागाच नाही. परीक्षेत एखादे कौशल्य मोजलेच जात नसेल तर काय होते, हे शिक्षकांना सांगायला नको.

दुसरी गोष्ट. साध्या चुलीत लाकूड बऱ्यापैकी जळते. त्यातील ऊर्जेचा फार थोडा भाग धूर आणि कार्बन मोनॉक्साइड यांच्या रूपाने न जळता निसटतो. मोठा तोटा होतो तो उष्णता भांड्याला न मिळता इकडे-तिकडे जाण्यात. म्हणून चुलीचे तोंड आणि भांड्याभोवतीची फट लहान केली की सरपण वाचते. पण हवा जास्त अडली तर ज्वलन अपुरे होते आणि धूर वाढतो. उलट उंच धुराड्याने खोलीतला धूर जातो, पण ओढ जास्त झाली तर ऊनही त्याच वाटेने जाते. सरपण वाचवणे आणि धूर कमी करणे हे दोन वेगळे प्रश्न आहेत. एक सुटला की दुसरा आपोआप सुटतो, हे पक्के धरू नये.

भाकरी कुठे शेकायची?

दुसरी पायरी प्रयोगशाळेतून घरात येण्याची. आपल्या मातीच्या चुलीला अडाणी म्हणणाऱ्यांनी तिच्या शेजारचे वैल एकदा नीट पाहावे. चुलीवर तवा असताना आतून येणाऱ्या उष्णतेवर वैलावरची आमटी रटरटत असते. वाया जाणारी उष्णता वापरण्याची ही युक्ती कोणत्याही कार्यक्रमाने शिकवलेली नाही.

आणि भाकरी? ती तव्यावर दोन्ही बाजूंनी भाजल्यावर चुलीच्या तोंडाशी ओढलेल्या निखाऱ्यांपुढे उभी करून शेकतात. तेव्हा ती फुगते आणि पापुद्रा सुटतो. तोंड लहान केलेल्या, निखारे बाहेर ओढता न येणाऱ्या चुलीवर ही कृती जमत नाही. मग घरात सुधारित चूल राहते चहापुरती आणि भाकरीसाठी शेजारी जुनी चूल पेटते. त्यात अंघोळीचे पाणी आणि जनावरांचे आंबोण शिजवणे ही मोठ्या भांड्यांची कामे तर नव्या चुलीवर बसतच नाहीत. दोन चुली पेटल्या की 'निम्मे सरपण' हा आकडा राहत नाही. यात बाईचा हट्ट नाही. चूल आखणाऱ्याने तिचा दिवस पाहिलेला नाही.

तिसरी पायरी टिकण्याची. माती-विटांच्या चुलीला तडे जातात, धुराड्यात काजळी साचते. ती कोणी, किती दिवसांनी काढायची? ओडिशात सुमारे २,६०० कुटुंबांत काही वर्षे चाललेल्या एका अभ्यासाचे निष्कर्ष रेमा हॅना, एस्थर डुफ्लो आणि मायकेल ग्रीनस्टोन यांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केले. पहिल्या वर्षी बायकांच्या श्वासातला धूर कमी झाला. नंतर तो परिणाम ओसरला. सरपणाच्या वापरात फरक दिसला नाही. प्रयोगशाळेत गुणी ठरलेली चूल घरात नियमित वापरली गेली नाही आणि तिची डागडुजी झाली नाही. चुली किती बसवल्या हे मोजणे सोपे असते; किती पेटतात हे मोजायला पुन्हा गावात जावे लागते.

कोणते लाकूड?

आता त्या मुलीचा प्रश्न. सरपण वाचले असे धरू. ते कोणते वाचले?

बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील अमूल्य रेड्डी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकात कर्नाटकातील सहा गावांत, त्यांपैकी एक तुमकूर जिल्ह्यातील पुरा, ऊर्जेच्या वापराचा घरोघर जाऊन अभ्यास केला. गावातली बहुतेक ऊर्जा सरपणाची होती आणि सरपण म्हणजे मुख्यतः बायकामुलांनी वेचून आणलेल्या काटक्या. विकतचे थोडे. वेचलेल्या काटकीसाठी झाड पाडावे लागत नाही. याच अभ्यासकांनी १९८३ मध्ये बंगळूर शहरातल्या सरपणाचाही अभ्यास मांडला. शहराला लागणारे लाकूड दूरदूरच्या भागांतून मालमोटारी भरून येत होते. खेड्यातली मोळी आणि शहराकडे निघालेली मालमोटार यांना एकाच 'सरपण' या शब्दात बसवले की दोष कोणाचा हे दिसेनासे होते.

आपल्याकडेही गावागणिक चित्र बदलते. विदर्भ-मराठवाड्यात तुराट्या आणि कपाशीच्या पऱ्हाट्या, कोकणात बागेतल्या झावळ्या, दुष्काळी भागात वेडी बाभूळ, आणि सगळीकडे गोवऱ्या. यांत जंगलाचा संबंध थोडा. मात्र वेचणे नेहमीच निरुपद्रवी असते असेही आम्ही म्हणणार नाही. पडलेले लाकूड कुजून मातीला मिळते, त्यात किडे-बुरशी जगतात; सगळेच उचलले तर जमीन उपाशी राहते. जंगलाला लागून दाट वस्ती असेल, हिरव्या फांद्या तोडल्या जात असतील, मोळ्या विकून पोट भरले जात असेल, तिथे जंगल खरोखर विरळ होते. जिथे लाकडाचा कोळसा करून शहरात विकतात, तिथेही झाडे तुटतात. केनियात १९८० च्या दशकात पसरलेली 'जिको' ही कोळशाची शेगडी म्हणूनच वेगळ्या मापाने तोलायला हवी.

जगाच्या पातळीवर २०१५ मध्ये रॉब बेलिस आणि सहकाऱ्यांनी असा अंदाज दिला की २००९ साली जळणासाठी घेतलेल्या लाकडापैकी २७ ते ३४ टक्के लाकूड वाढीच्या प्रमाणाबाहेर तोडले गेले. म्हणजे उरलेले, जवळजवळ दोन तृतीयांश किंवा त्याहून अधिक, पुन्हा वाढून येणारे होते. ही सरासरी आहे. काही भागांत प्रमाण फार अधिक आहे आणि त्यात दक्षिण आशियातील काही प्रदेशही येतात. त्यामुळे 'आपल्या गावात काय?' हा प्रश्न सरासरीने सुटत नाही.

अपूर्णांकांची साखळी

आता सरावासाठी एक गणित घेऊ. यातले आकडे मोजलेले नाहीत, धरलेले आहेत. गावाला १०० मोळ्या लागतात. निम्म्या घरांतच चूल चालू आहे, म्हणजे ५० मोळ्यांचा प्रश्न. त्या घरांत सात दशांश स्वयंपाक नव्या चुलीवर होतो : ३५. प्रत्यक्ष बचत तीन दशांश : १०.५ मोळ्या वाचल्या. त्यांतल्या एक चतुर्थांश जंगलातल्या : सुमारे २.६. त्यांतल्या एक तृतीयांश हिरव्या तोडलेल्या : ०.९. फळ्यावरच्या गणितात ५० मोळ्यांची झाडे वाचली होती. इथे एका मोळीचीही नाहीत.

कोणी विचारेल, गरज कमी झाली की बाई आधी दूरची, जंगलातलीच खेप टाळणार नाही का? शंका रास्त आहे. तसे झाले तर वाचलेल्या साडेदहाही मोळ्या जंगलातल्या असू शकतात. एक की साडेदहा, हे घरात बसून ठरत नाही. गावात जाऊन विचारावे लागते.

हा केवळ शाळेतला वाद नाही. चुलींमुळे कार्बन वाचला असे दाखवून त्याची प्रमाणपत्रे आज विकली जातात. ॲनेलीस गिल-वील आणि सहकाऱ्यांनी २०२४ मध्ये अशा प्रकल्पांचा एक नमुना तपासला. प्रत्यक्ष बचतीच्या सरासरी ९.२ पट बचत दाखवली गेल्याचा त्यांचा निष्कर्ष आहे. चूल किती वापरली जाते, जुनी चूल किती पेटते, लाकडातला किती हिस्सा परत वाढत नाही, या सगळ्या ठिकाणी सोयीचे आकडे धरले होते. आमच्या फळ्यावरचीच चूक, फक्त इथे तिची किंमत पैशांत वसूल होते.

मग चूल कशासाठी?

चूल हवीच. पण तिच्या स्वतःच्या कारणासाठी. कर्क स्मिथ यांनी भारतीय सहकाऱ्यांसह १९८१ मध्ये गुजरातच्या खेड्यांत स्वयंपाक करणाऱ्या बायकांच्या अंगावर उपकरणे लावून धूर मोजला, तेव्हा या प्रश्नाला आकडे मिळाले. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० साली घरातल्या धुराने जगात सुमारे ३२ लाख मृत्यू झाले. एवढे कारण पुरेसे नाही का? बाईचा श्वास वाचवायला झाडाची शिफारस का लागावी?

जंगलाचे कारण पुढे केल्याने चुलीचेही नुकसान होते. जंगल वाचले नाही असे दिसले की चूल 'अपयशी' ठरते, आणि धुराचा प्रश्न होता तिथेच राहतो. २०१६ मध्ये सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेतून कोट्यवधी घरांत गॅस पोचला. तरीही २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ग्रामीण भागातील ४३.२ टक्के घरेच स्वयंपाकासाठी मुख्यतः स्वच्छ इंधन वापरत होती. टाकी पुन्हा भरण्याचे पैसे नसले की चूल पेटतेच. तेव्हा चांगल्या चुलीची गरज संपलेली नाही.

काही ठिकाणी मात्र चूल आणि जंगल यांचा संबंध खरा आणि निकडीचा आहे. चंद्रपूर जिल्ह्यात सरपण, तेंदूपाने, मोहफुले आणायला गेलेल्या माणसांवर वाघाने हल्ला केल्याच्या बातम्या वारंवार येतात. तिथे माप किलोचे नाही, खेपांचे आहे. जंगलातली एक खेप टळली तर एक धोका टळतो. व्याघ्र प्रकल्पांलगतच्या गावांना सवलतीत गॅस देण्याची तरतूद २०१५ च्या जन-वन विकास योजनेत झाली, ती या दृष्टीने योग्य म्हणावी लागेल.

जंगल राखण्याचा मूळ प्रश्न मात्र ते कोणाच्या हाती आहे याचा आहे. गडचिरोलीतील मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाले. कोणी, काय, किती आणायचे याचे निर्णय तिथे ग्रामसभा सर्वांच्या सहमतीने घेते. हे काम कोणत्याही चुलीने होण्यासारखे नाही.

वर्गात काय करता येईल?

जुने गणित पुसून टाकावे असे आम्ही सुचवत नाही. ते अर्धे सोडवलेले गणित म्हणून ठेवावे आणि उरलेले अर्धे मुलांनी गावात सोडवावे. साधने थोडी : तागडी किंवा ताणकाटा, वही, दोरी.

प्रत्येक मुलाने आपल्या घरी सकाळी सरपणाचा एक ढीग वजन करून बाजूला ठेवावा आणि दिवसभर त्यातलेच वापरायला घरच्यांना विनंती करावी. दुसऱ्या सकाळी उरलेले वजन करावे. असे तीन दिवस. जेवणारी माणसे मोजून दरडोई आकडा काढावा. ओले सरपण असेल तर तशी नोंद करावी. मग ढिगाची वाटणी करावी : बांधावरचे, पिकाचे, गोवऱ्या, विकतचे, जंगलातले. जंगलातले असेल तर वाळलेले की हिरवे, अंगठ्याएवढे की मनगटाहून जाड, हेही लिहावे. आणि शेवटी आईला किंवा आजीला विचारावे : चुलीवर कोणती कामे होतात, चुलीत काय बदल झाला तर बरे पडेल? गॅस असलेल्या घरी विचारावे : चूल कधी पेटते आणि का?

एक पथ्य पाळावे. कोणाच्या घरी काय जळते यावरून वर्गात कोणाचा कमीपणा होता कामा नये. आकडे नावाविना फळ्यावर घ्यावेत. गावातले जंगलातले सरपण फार निघाले, तर ते कोणाला दुसरा मार्ग नसल्याने आणावे लागते, हा पुढचा प्रश्न घ्यावा.

असा तक्ता भरला की मुले फळ्यावरच्या गणिताला नवे आकडे घालतील आणि प्रत्येक गावाचे उत्तर निराळे येईल. परीक्षेत त्याला एकच बरोबर उत्तर नसल्याने गुण देणे अवघड जाईल, हे आम्हाला मान्य आहे. पण 'झाडं कोणती वाचली?' असे विचारणाऱ्या मुलीला आता आम्ही सांगू शकतो : तुमच्या घरी तरी कोणतीच नाही, आणि तुझ्या आईने ती तोडलीही नव्हती.